काळजाचा पत्ता

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्याला अनोळखी वाक्प्रचार फारसे फसवत नाहीत. जो शब्दसमूह पाहताक्षणी परका वाटतो, त्याच्यापाशी माणूस थांबतो, कोश उघडतो, मागचापुढचा मजकूर पुन्हा वाचतो. फसवतात ते ओळखीचे वाटणारे, आणि त्यांतही सर्वांत ओळखीचे वाटतात ते शरीराच्या अवयवांवर बेतलेले. हात, पाय, डोळा, नाक, पोट यांवर कोणत्याही एका भाषेची मालकी नाही. त्यामुळे इंग्रजी वाक्यात हात दिसला की मराठी हात आपोआप पुढे होतो. या कामात वर्षे घालवल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. शरीर सगळ्या माणसांचे सारखे असले, तरी त्यातल्या कोणत्या भागाने कोणते काम करायचे हे प्रत्येक भाषेने आपापले ठरवलेले असते. ते ठरवताना तिच्यापुढे निव्वळ शरीररचना नव्हती. त्या समाजाचे जुने वैद्यक, त्याचे धर्मग्रंथ, त्याचे धंदे, खेळ आणि शिक्षा हे सगळे तिच्यापुढे होते. म्हणून इंग्रजी वाक्प्रचारातला अवयव हा अर्थाचा पुरावा मानू नये. त्या भाषेने तो अवयव कोणत्या कामावर नेमला आहे, हे आधी शोधावे.

हातापासूनच पाहू. इंग्रजीत एखाद्या गोष्टीतून 'हात धुणे' म्हणजे तिची जबाबदारी यापुढे आपली नाही असे जाहीर करणे. त्यामागे मत्तयकृत शुभवर्तमानातला प्रसंग आहे. रोमन सुभेदार पंतय पिलात जमावासमोर पाणी मागवतो, हात धुतो आणि येशूच्या रक्ताबाबत आपण निर्दोष आहोत असे सांगतो. मराठीतले हात धुणे याच्या अगदी उलट दिशेला जाते. एखाद्याच्या 'हात धुऊन पाठीमागे लागणे' म्हणजे त्याला क्षणभरही न सोडणे, आणि 'वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे' म्हणजे आलेली संधी साधणे. एकीकडे माणूस प्रकरणातून बाहेर पडतो, दुसरीकडे तो प्रकरणात शिरतो. मग जबाबदारी नाकारण्यासाठी मराठीत काय आहे? 'हात झटकणे' आहे, 'हात वर करणे' आहे, 'कानांवर हात ठेवणे' आहे. पण हे तीन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. झटकण्यात जबाबदारी दुसऱ्यावर टाकण्याचा भाव येतो, वर करण्यात असमर्थतेचा, आणि कानांवर ठेवण्यात 'मला यातले काही ठाऊकच नाही' असा. पिलातच्या हात धुण्यात या तिन्हींहून वेगळी गोष्ट आहे. त्याला सगळे ठाऊक आहे, तो समर्थही आहे, आणि तरी तो दोषातून मोकळा होऊ पाहतो. मूळ लेखकाला हीच छटा हवी असेल, तर तिन्ही मराठी पर्याय बाजूला ठेवून वाक्य वेगळे बांधावे लागते.

हाताची दुसरी जोडी याहून बोलकी आहे. इंग्रजीत 'आपला हात दाखवणे' म्हणजे आपला बेत उघड करणे. तिथे हात म्हणजे हातातले पत्ते. हात जास्त ताणून खेळणे, दुसऱ्याच्या हाती खेळणे, अशा अनेक इंग्रजी प्रयोगांत हा पत्त्यांचा डाव डोकावतो. मराठीत हात दाखवतात तो ज्योतिषाला, आणि म्हणून 'हात दाखवून अवलक्षण' ही म्हण होते. तिच्यात हात म्हणजे तळहातावरच्या रेषा. म्हणजे दोन्ही भाषांत हात पुढे केला जातो, पण एकीत त्यात राजा-राणी असतात आणि दुसरीत नशीब. पायाचेही तसेच. इंग्रजीत कुणाचा पाय ओढणे ही निरुपद्रवी थट्टा आहे, तर मराठीत पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे. एखाद्या कादंबरीत जिवलग मित्र मित्राचा पाय ओढतो असे शब्दशः आले, तर मराठी वाचक पुढची कित्येक पाने त्या मित्राकडे संशयाने पाहील. लेखकाने उभे केलेले पात्र एका अवयवामुळे बिघडेल. तिथे 'फिरकी घेणे' किंवा 'टोपी उडवणे' हेच चालेल, मग त्यात पायाचे नाव नसले तरी हरकत नाही.

याहून गंभीर उदाहरण कारखान्यातले आहे. औद्योगिक क्रांतीच्या काळात इंग्रजीत गिरणीतल्या मजुरांना सरसकट 'हँड्स' म्हणू लागले. चार्ल्स डिकन्सने १८५४ सालच्या 'हार्ड टाइम्स' या कादंबरीत हा शब्द मुद्दाम पुढे आणला आणि या वर्गाला नुसते हातच असते, फार तर हात आणि पोट असते, तर काही लोकांना ते अधिक पसंत पडले असते असे सुचवले. माणसातून माणूस काढून घेणारा हा शब्द आहे. तो मराठीत 'हात' म्हणून आणला की त्याचा अर्थच पालटतो, कारण मराठीत 'राबणारे हात' हा गौरवाचा शब्द आहे. 'हजारो हात राबले' असे म्हणताना आपण श्रमाला मान देतो. इंग्रजीतली हेटाळणी मराठीत आरतीसारखी ऐकू येते. डिकन्सचा राग मराठीत आणायचा असेल, तर हा शब्द कुणाच्या तोंडी आहे, मालकाच्या की मजुराच्या, हे सबंध परिच्छेदभर सांभाळावे लागते. नुसता अवयव जुळवून भागत नाही.

हे का होते, हे समजून घ्यायला यकृतासारखा अवयव नाही. दुसऱ्या शतकातल्या गॅलन या वैद्याच्या मते अन्नाचे रक्त यकृतात बनत असे. युरोपच्या वैद्यकावर त्याची सत्ता सुमारे पंधराशे वर्षे टिकली. ज्याच्या यकृतात रक्त कमी तो भित्रा, आणि भित्र्याचे यकृत पांढरे, ही समजूत यातूनच आली. शेक्सपिअरच्या मॅक्बेथने घाबरलेल्या नोकराचे यकृत लिलीच्या फुलासारखे पांढरे ठरवले ते याच हिशेबाने, आणि हे विशेषण आजही इंग्रजीत भित्र्यासाठी आहे. पुढे १६२८ मध्ये विल्यम हार्वेने रक्ताभिसरणावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि रक्त यकृतात सतत नव्याने तयार होते ही कल्पना कोसळली. पण भाषेतले यकृत पांढरेच राहिले. वैद्यक बदलले म्हणून वाक्प्रचार बदलत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्यात जुने वैद्यक जपून राहते. रागाला वाट करून देण्यासाठी इंग्रज आजही प्लीहा मोकळी करतो. उद्धटपणासाठी त्याच्याकडे पित्त आहे. आणि 'त्याच मूत्रपिंडाचा' असे तो त्याच स्वभावाच्या माणसाला म्हणतो. शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ स्वतःच्या प्रकृतीबद्दल बोलताना मूत्रपिंडाचेच नाव घेतो. यातला एकही वाक्प्रचार आजच्या शरीररचनेच्या पुस्तकावरून उलगडणार नाही.

आता मराठी काळीज पाहा. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, त्यात कुणाला शंका नसते. पण 'काळीज तुटले', 'काळजाला भिडले', 'काळजाचे पाणी झाले' म्हणताना आपल्या मनात हृदय असते. 'वाघाचे काळीज' म्हणताना धैर्य असते. आयुर्वेदात रक्ताचे स्थान यकृत आणि प्लीहा सांगितले आहे. म्हणजे गॅलनशी कसलाही व्यवहार न करता इथल्या वैद्यकानेही रक्ताची नेमणूक यकृताकडेच केली, आणि रक्तापाठोपाठ जीव, माया, धैर्य तिथे राहायला आले. त्यात फारसीतून 'जिगर' आले. त्याचाही मूळ अर्थ यकृतच. मराठीने त्यातून जिगरबाज आणि जिगरी दोस्त घडवले. मात्र या साम्यावर फार विसंबता येत नाही. प्लीहेला, म्हणजे आपल्या पाणथरीला, आयुर्वेदाने रक्ताचे तेवढेच स्थान दिले, तरी मराठीत पाणथरी रागावत नाही आणि रुसतही नाही. इंग्रजीत तिने अठराव्या शतकातल्या अर्ध्याअधिक उदासीनतेचा भार उचलला. वैद्यक सारखे असूनही भाषांनी वेगवेगळी निवड केली. इंग्रजीत काळजाची जागा हळूहळू हृदयाने घेतली आणि यकृताकडे फक्त भित्रेपणा उरला. मराठीत काळीज शब्दानेच पत्ता बदलला आणि हृदयाचे काम अंगावर घेतले. इंग्रजीतले 'हार्ट' कधी 'काळीज', कधी 'हृदय', कधी 'मन', तर कधी 'जीव' का होते, याचे उत्तर इथे आहे. माझ्या अनुभवात या चारांत सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो तो 'जीव', आणि बहुतेक वेळा तोच बरोबर असतो.

धर्मग्रंथांचा हात वैद्यकाइतकाच लांब पोचतो. ग्रीक नव्या करारात करुणेचे स्थान आतड्यांत आहे. १६११ च्या राजमान्य बायबलने ते आतडे इंग्रजीत जसेच्या तसे ठेवले. सतराव्या शतकातल्या इंग्रजाला ते खटकत नव्हते. ऑलिव्हर क्रॉमवेलने १६५० मध्ये स्कॉटलंडच्या धर्मसभेला पत्र लिहिले, तेव्हा आपले चुकत असेल अशी शक्यता तरी विचारात घ्या अशी विनवणी त्याने ख्रिस्ताच्या आतड्यांची शपथ घालून केली. पुढे इंग्रज कानांना हे ओशाळवाणे वाटू लागले आणि १८८१ च्या सुधारित आवृत्तीत कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात आतड्यांच्या जागी हृदय आले. मराठी माणसाला मात्र या आतड्यांत काहीच विचित्र वाटत नाही. आपल्याकडे लेकरासाठी आजही 'आतडे तुटते', आजही 'आतड्याची माया' असते. म्हणजे या एका जागी मराठी भाषांतरकार आजच्या इंग्रजीपेक्षा मूळ ग्रीकच्या जवळ उभा आहे, आणि इंग्रजी हृदयामागे धावला तर हातचे सोडून देतो. आतड्यांना हसण्यापूर्वी इंग्रजीने आपले आतडे नेमके कधी टाकले, हे माहीत असायला हवे.

पाठांतराची गोष्ट याहून सरळ आहे. इंग्रजीत पाठ करणे म्हणजे हृदयाने शिकणे. ते फ्रेंचमधून आले, आणि त्यामागे हृदय हे स्मृतीचे घर असल्याची प्राचीन समजूत आहे. आठवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातही हृदयाचा धातू आहे, आणि त्यातूनच 'रेकॉर्ड' हा शब्द निघाला. मराठीत जे पाठ झाले ते तोंडपाठ, मुखोद्गत किंवा कंठस्थ होते. इथे स्मृती छातीत राहत नाही, ती गळ्यात आणि तोंडात राहते. जिथे वेद कागदाशिवाय पिढ्यान् पिढ्या चालत आले, जिथे पाढे आणि श्लोक मोठ्याने म्हणून घोकले गेले, तिथे पाठ झाल्याची खूण म्हणून उच्चारच धरला गेला. ज्याला म्हणता येते त्याला येते. इंग्रज मनात साठवतो आणि आपण तोंडात साठवतो, एवढा हा फरक आहे. तरीही 'बाय हार्ट'चे भाषांतर 'हृदयापासून' असे छापलेले दिसते. मग त्या वाक्यातल्या विद्यार्थ्याने कविता पाठ केली की कवितेवर प्रेम केले, हे वाचकाला कळत नाही.

यावर पहिला आक्षेप भाषाशास्त्राकडून येतो, आणि तो वजनदार आहे. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० च्या आपल्या पुस्तकात असे मांडले की आपली रूपके शरीराच्या अनुभवातूनच उगवतात. राग आला की अंग तापते, म्हणून राग उष्ण असतो. आनंदात माणूस ताठ उभा राहतो, म्हणून सुख वर आणि दुःख खाली. शरीर सगळ्यांचे सारखे असेल, तर वाक्प्रचारही बऱ्याच अंशी सारखे असणार. रागाच्या बाबतीत हे मला मान्य आहे. इंग्रजाचे रक्त उकळते आणि आपले रक्त खवळते, यात कुणी कुणाकडून उसने घेतलेले नाही. बुबुळाचे उदाहरण तर या मताच्या बाजूने मी स्वतः देईन. दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहिले की आपले चिमुकले प्रतिबिंब दिसते. त्यावरून लॅटिनने डोळ्याच्या मधल्या काळ्या भागाला बाहुली म्हटले, ग्रीकने मुलगी म्हटले, हिंदीने पुतली म्हटले आणि मराठीने बाहुलीच म्हटले. इंग्रजीतला 'प्यूपिल' हा त्या लॅटिन बाहुलीचाच वंशज आहे. जो अनुभव कुणालाही, कुठेही, काहीही न शिकता येतो, तिथे भाषा एकमेकींना भेटतात. पण इथेही पुढचे पाऊल वेगळे पडते. अत्यंत लाडक्या व्यक्तीला इंग्रजीने डोळ्यातली बाहुली न म्हणता डोळ्याचे सफरचंद म्हटले, कारण जुन्या इंग्रजीत बुबुळ हा घट्ट गोळा समजला जाई. हिब्रू बायबलमध्ये त्या जागी डोळ्यातला छोटा माणूस आहे, तरी इंग्रजी अनुवादात सफरचंदच आले. आपण त्याच माणसाला गळ्यातला ताईत म्हणतो. डोळा सोडून गळ्यावर येतो, आणि मायेबरोबर रक्षणाची इच्छाही तिथे बांधतो. तेव्हा संवेदना सामाईक असते हे खरे, पण तिला कोणत्या अवयवाचे नाव मिळावे हे ती संवेदना ठरवत नाही. लॅकॉफ-जॉन्सन यांचे म्हणणे आणि माझे म्हणणे यांत विरोध आहे असे मला वाटत नाही. ते उगमाबद्दल बोलतात, आणि भाषांतरकाराला काम करावे लागते ते प्रवाहाच्या दुसऱ्या टोकाला.

नाकाने हे अधिक स्पष्ट होते. इंग्रजी नाक प्रामुख्याने चौकशी करते. ते वास काढते, दुसऱ्याच्या कामात शिरते, बातमीच्या मागे धावते. मराठी नाकही खुपसले जाते आणि मुरडले जाते, पण त्याचे मुख्य काम अब्रू सांभाळणे हे आहे. नाक कापले म्हणजे इज्जत गेली. हा निव्वळ अलंकार नव्हता. शूर्पणखेच्या कथेपासून नाक कापणे ही इथली ओळखीची शिक्षा आहे, आणि नाशिकचे नावही त्या कथेशी जोडले जाते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकीगत छापून आली. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला होता, आणि त्यांनी त्याचे नाक कापले होते. विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. ती हकीगत वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने अभ्यास केला आणि १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया यशस्वी केली. कापलेली नाके जोडण्याचे कसब ज्या समाजात परंपरेने टिकून राहिले, त्याच्या भाषेत नाक म्हणजे अब्रू का, हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच दोन्ही भाषांत असलेली एकच कृती दोन वेगळी कारणे सांगते. इंग्रजीत माणूस स्वतःचे नाक कापतो ते स्वतःच्याच चेहऱ्यावर सूड उगवण्यासाठी. मराठीत तो आपले नाक कापतो ते दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून. एकीत आंधळा राग आहे आणि दुसरीत मत्सर. ज्या लेखात एखाद्या देशाने रागाच्या भरात स्वतःच्याच व्यापाराचे नुकसान करून घेतल्याचे वर्णन असेल, तिथे मराठी म्हण अगदी जुळली असे वाटते, पण ती लेखकाने न केलेला मत्सराचा आरोप त्या देशावर करते.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. बोलणाऱ्या इंग्रजाला ना पिलात आठवतो ना गॅलन. वाक्प्रचार मेलेला आहे, त्याचा कोशातला अर्थ घ्यावा आणि पुढे जावे, हा इतिहास कशाला उकरावा? याला माझे उत्तर दुहेरी आहे. एक तर हे वाक्प्रचार वाटतात तितके मेलेले नसतात. रेमंड गिब्ज आणि जेनिफर ओब्रायन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना वाक्प्रचार ऐकल्यावर मनात काय चित्र उभे राहते ते विचारले, आणि वेगवेगळ्या माणसांनी सांगितलेली चित्रे आश्चर्य वाटावे इतकी जुळली. इतिहास विसरला तरी चित्र उरते आणि छटा उरते. हात धुणारा इंग्रज पिलातला ओळखत नसेल, पण आनंदाने पूर्ण केलेल्या कामाबद्दल तो हा प्रयोग कधी करणार नाही. दुसरे उत्तर असे की इतिहासाची ही पोकळी रिकामी राहत नाही, तिच्यात बनावट गोष्टी शिरतात. अंगठ्याच्या नियमाची गोष्ट प्रसिद्ध आहे. अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने बायकोला मारण्याची मुभा देणारा इंग्रजी कायदा होता, आणि हा प्रयोग त्यातून आला, असे सर्रास सांगितले जाते. तसा कायदा नव्हता. १७८२ मध्ये बुलर नावाच्या न्यायाधीशाने असे मत दिल्याची बोलवा उठली आणि व्यंगचित्रकार गिलरेने त्याचे चित्र काढले. पण ठोकळ मापाच्या अर्थाने हा प्रयोग सतराव्या शतकातच लिहिला गेलेला आहे. थंड खांद्याचेही तसेच. नकोशा पाहुण्याला गार मटणाचा खांदा वाढत, असे सांगतात. पण वॉल्टर स्कॉटच्या १८१६ सालच्या कादंबरीत तो पहिल्यांदा नजरेत भरतो, तेव्हा तिथे जेवणाचा विषयच नाही. तिथे एका सरदारपत्नीच्या तुटक वागण्याचा उल्लेख आहे. शाळेच्या पुस्तकांच्या टिपांत अशा कथा उत्साहाने छापल्या जातात, आणि मुलांच्या लक्षात अर्थाऐवजी कथा राहते. म्हणून इतिहास सांगायचा तर पारखून सांगावा, आणि पारखता येत नसेल तर फक्त वापर दाखवावा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. शब्दशः भाषांतरानेच तर मराठी श्रीमंत झाली. नक्राश्रू आले, सिंहाचा वाटा आला, ताठ कणा आणि मोडका कणाही बहुधा असाच आला. मग आज दाराशी पहारा का ठेवायचा? पहारा ठेवू नये, हेच माझेही म्हणणे आहे. इंग्रजीनेही तेच केले आहे. चेहरा गमावणे हा इंग्रजीतला प्रयोग एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये राहणाऱ्या इंग्रजांनी चिनी भाषेतून उचलला, आणि चेहरा वाचवणे हा त्याचा जोडीदार त्यांनीच घडवला. ज्या ताठ वरच्या ओठाला आपण अस्सल इंग्रज संयमाची खूण समजतो, तोही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी वर्तमानपत्रात छापलेला आढळतो. उसना अवयव परका राहत नाही, पण त्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. घेणाऱ्या भाषेत ती जागा रिकामी असली पाहिजे, आणि नव्या अवयवाचे काम जुन्या कामाशी भांडता कामा नये. कणा आला तेव्हा मराठीत कण्यावर दुसरे कुठलेच काम नव्हते, म्हणून तो सहज रुजला. हात धुणे, पाय ओढणे, हात दाखवणे या जागा भरलेल्या आहेत. तिथे नवा अर्थ आणला की वाचकाच्या मनात जुना अर्थ आधी उठतो, आणि मूळ लेखकाचे म्हणणे त्याच्यामागे अडकून पडते.

यातून इंग्रजी-मराठी कोशांच्या रचनेबद्दल एक मागणी निघते, आणि ती मला मनापासून करायची आहे. मोल्सवर्थने सुरू केलेला आणि थॉमस कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. त्यानंतर यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी मराठी वाक्संप्रदायांचे प्रचंड भांडार कोशबद्ध केले. तेव्हा सामग्री कमी नाही, मांडणी मात्र अवयवाच्या किंवा शब्दाच्या नावाखालीच राहिली. 'हात' उघडला की हाताचे सगळे प्रयोग सापडतात, पण जबाबदारी नाकारण्याचे, पाठ केल्याचे, कुणाला क्षमा करण्याचे प्रयोग एका जागी सापडत नाहीत. जोडीला प्रसंगावरून शोधता येईल अशी दुसरी सूची हवी. 'क्षमा करणे' या नोंदीखाली 'अपराध पोटात घालणे' यावे, आणि त्याच्याशेजारी लिहिलेले असावे की इथले पोट आईचे आहे, भुकेचे नाही. म्हणून हा प्रयोग धाकट्याने मोठ्याकडे क्षमा मागताना शोभतो, बरोबरीच्या माणसांत फारसा नाही, आणि इंग्रजीत त्याला पोटाचा जोडीदार नाही. 'हातावर पोट असणे' ही नोंद उपजीविकेखाली यावी. तिच्यापुढे इंग्रजीतला हातातून तोंडात जाणारा घास ठेवावा, आणि फरकही सांगावा. इंग्रजी प्रयोगात शिल्लक न राहण्यावर भर आहे, मराठीत रोज काम मिळण्यावर. बांधकामावरच्या मजुराची मुलाखत इंग्रजीत नेणाऱ्याला हा फरक तिथेच हाताशी मिळाला, तर रोजगार थांबल्याची त्याची तक्रार बचत नसल्याच्या तक्रारीत बदलणार नाही.